४२९४९६७२९७ उघडताना: प्रकल्प नोंदी

२ जुलै २०२४: विषय

संख्या ४,२९,४९,६७,२९७. चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. घातांत लिहिली तर २^३२ + १ (^ ही खूण घातासाठी). २^(२^न) + १ ही फर्मा संख्यांची मालिका; तिच्यात न = ५ घातलं की ही संख्या मिळते. पुढे सगळीकडे तिला फ५ म्हटलं आहे. द्विमान पद्धतीत ती ३३ अंकी आहे: दोन टोकांना १ आणि मधे ३१ शून्यं. षोडशमानात १०००००००१.

या मालिकेतल्या सगळ्याच संख्या मूळ असाव्यात, असं मत फर्माने १६४० मध्ये पत्रातून मांडलं. पहिल्या पाच, म्हणजे ३, ५, १७, २५७ आणि ६५५३७, खरोखरच मूळ आहेत. गोल्डबाखने १ डिसेंबर १७२९ च्या पत्रात हा प्रश्न ऑयलरपुढे ठेवला. १७३२ मध्ये ऑयलरने दाखवलं की फ५ ला ६४१ ने पूर्ण भाग जातो.

म्हणजे उत्तर जुनंच आहे. आपल्याला ही संख्या जितक्या वाटांनी उघडते (म्हणजे तिचे विभाजक हाती येतात) तितक्या वाटा एकेक करून चालून बघायच्या आहेत, आणि एखादी वाट बंद होत असेल तर ती का बंद होते ते नोंदवायचं आहे. फ५ या कामाला फार चांगली. ती ३२ बिटांच्या सीमेला लागून, पण पलीकडच्या बाजूला आहे. शिवाय २ च्या घातांवर चालणाऱ्या चाचण्यांना ती चक्क मूळ वाटते.

नियम एकच: प्रत्येक मोठा आकडा वेगळ्या मार्गाने पडताळायचा. तोच प्रोग्रॅम पुन्हा चालवून तोच आकडा आला, तर ती पडताळणी धरायची नाही.

३ जुलै: साधनं कुठे अडतात

आधी जागेचा हिशेब. ३२ बिटांच्या अनसाइन्ड (उणे आकडे न धरणाऱ्या) चलात जास्तीत जास्त ४२९४९६७२९५ मावतात. फ५ त्यात टाकली की वरचा बिट गळतो आणि उरतो १. प्रोग्रॅम कुठलीही तक्रार न करता १ चे विभाजक शोधत बसतो. म्हणून ६४ बिट ही किमान गरज.

भाग देणाऱ्या लूपमध्ये थांबण्याची अट बहुतेक वेळा ‘भाजकाचा वर्ग संख्येपेक्षा मोठा झाला की थांब’ अशी लिहितात. संख्या ६४ बिटांत आणि भाजक मात्र ३२ बिटांत ठेवला, तर ६५५३६ चा वर्ग २^३२ होतो आणि ३२ बिटांत तो शून्य दिसतो. अट पूर्ण होतच नाही. फ५ वर हा दोष झाकला जातो, कारण ६४१ फार आधी सापडतो. म्हणून असा लूप ४२९४९६७२९१ वर तपासावा. ही २^३२ च्या अलीकडची सर्वांत मोठी मूळ संख्या. तिच्यावर दोष लगेच उघडा पडतो.

तिसरी अडचण सगळ्यांत सूक्ष्म आहे. फ५ ने भागून उरणारी बाकी ० पासून २^३२ पर्यंत असू शकते. बाकीचा वर्ग ६४ बिटांत ठेवायचा, तर २^३२ − १ पर्यंतच्या सगळ्या बाक्यांचे वर्ग मावतात. एकच बाकी मावत नाही: खुद्द २^३२. तिचा वर्ग २^६४, आणि ६४ बिटांत तो गुंडाळून ० होतो. खरं उत्तर १ यायला हवं, कारण फ५ च्या हिशेबात, म्हणजे फक्त फ५ ने भागून उरणारी बाकी धरली तर, २^३२ म्हणजेच −१. चार अब्जांहून अधिक बाक्यांपैकी एकच फसते, त्यामुळे यादृच्छिक आकडे घेऊन केलेल्या तपासणीत ती सापडणं जवळपास अशक्य. पण मूळपणाच्या चाचणीत पाया २ घेतला, म्हणजे २ चे घात करत गेलं, की ती हमखास समोर येते. उपाय: वर्ग करण्यापूर्वी बाकी २^३२ आहे का ते पाहायचं, आणि असेल तर सरळ १ लिहायचा.

एक्सेल १५ अंकांपुढे शून्यं भरतो, त्यामुळे १९-२० अंकी वर्गांसाठी निरुपयोगी. जावास्क्रिप्टचे साधे आकडे ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंतच नेमके राहतात. तिथे बिगइंट (कितीही मोठ्या पूर्णांकांचा प्रकार) घ्यावा. पायथॉनमध्ये ही अडचण मुळातच येत नाही, म्हणून पडताळणी पायथॉनमध्ये आणि मुख्य हिशेब सी भाषेत.

४ जुलै: भागाकाराशिवाय बाकी

फ५ ने भागायचं असताना खरा भागाकार करावाच लागत नाही. २^३२ म्हणजे −१, एवढं पुरतं. ६४ बिटांच्या आकड्याचे दोन तुकडे करा: वरचे ३२ बिट व, खालचे ३२ बिट ख. मग बाकी = ख − व. उणे आली तर फ५ मिळवा.

नमुना म्हणून ३^३२ = १८५३०२०१८८८५१८४१. वरचा तुकडा ४३१४३९, खालचा ३७९३६३२८९७. वजाबाकी ३७९३२०१४५८. पूर्ण भागाकार करूनही हीच बाकी येते. पुढच्या सगळ्या वर्गांना हीच युक्ती वापरली आहे.

५ जुलै: झटपट बाक्या

अंकांची बेरीज ४+२+९+४+९+६+७+२+९+७ = ५९, तिची १४, तिची ५. म्हणून ९ ने भागून बाकी ५ आणि ३ ने भागून २. उजवीकडून एकाआड एक अधिक-उणे करत गेलं तर −१७ येतात, म्हणजे ११ ची बाकीही ५. ७ ची बाकीसुद्धा ५.

९ आणि ११ च्या या दोन बाक्या जपून ठेवायच्या. पुढे कुठलाही गुणाकार फ५ ला पोचतो का ते त्यांच्यावर दोन मिनिटांत कळतं.

३, ५, १७, २५७, ६५५३७ यांच्यापैकी कुणी फ५ चा विभाजक असेल का? नाही, आणि त्यासाठी भागायचीही गरज नाही. ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ = ४२९४९६७२९५, म्हणजे फ५ − २. पाचांपैकी कशानेही भागलं तरी बाकी २ च.

८ जुलै: विभाजकाचा साचा

आंधळेपणाने एकेका मूळ संख्येने भागत गेलं, तर ६४१ ही ११६ वी मूळ संख्या आहे. ६५५३६ च्या खाली एकूण ६५४२ मूळ संख्या आहेत. म्हणजे फ५ मूळ असती तर सगळ्यांतून जावं लागलं असतं. साचा कळला की हे काम दोन संख्यांवर येतं.

समजा प ही मूळ संख्या फ५ ला भागते. मग प ने भागताना २^३२ ची बाकी −१, आणि २^६४ ची १. २ चा ६४ वा घात १ वर येतो, पण ३२ वा येत नाही. म्हणून १ वर येणारा पहिला घात ६४ च. फर्माच्याच छोट्या प्रमेयानुसार प − १ वा घातही १ वर येतो, तेव्हा ६४ ने प − १ ला भाग जायलाच हवा. ऑयलरचा साचा हाच: प = ६४क + १. या साच्यातल्या मूळ संख्या १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१ अशा येतात. पाचवी कामाला आली.

१८७८ मध्ये ल्यूकाने साचा आणखी आवळला. प ही ८ ने भागून १ उरणारी संख्या आहे. अशा मूळ संख्येच्या हिशेबात २ ही कुणाचा तरी वर्ग असते. ज्याचा वर्ग २ आहे त्याला १ वर यायला दुप्पट, म्हणजे १२८ घात लागतात. म्हणून प = १२८क + १.

आता यादी: १२९ = ३ × ४३, गळाली. २५७ मूळ, पण ती वर बाद झाली. ३८५ ला ५ ने भाग जातो, ५१३ ला ३ ने. पुढची ६४१.

९ जुलै: ६४१ ने भागाकार

हा भागाकार कागदावर करून ठेवावा, कारण त्यात एक सापळा आहे. ४२९४ मध्ये ६४१ सहा वेळा, उरले ४४८. वरून ९ घेतला, ४४८९. सात वेळा ४४८७, उरले २. ६ घेतला, २६. भाग जात नाही, भागाकारात ०. ७ घेतला, २६७, पुन्हा ०. २ घेतला, २६७२. चार वेळा २५६४, उरले १०८. ९ घेतला, १०८९. एकदा, उरले ४४८. ७ घेतला, ४४८७. नेमके सात वेळा, बाकी ०.

भागाकार ६७००४१७. मधली दोन शून्यं सलग येतात आणि घाईत एक तरी सुटतं. मग ६७०४१७ किंवा ६७४१७ लिहिलं जातं. त्यांपैकी कुठलीही अंकबेरीज २५ च येते, म्हणून ९ ची कसोटी इथे आंधळी आहे. एक शून्य सुटलं की ११ ची कसोटी पकडते. दोन्ही सुटली तर तीही पकडत नाही, कारण अंकांचं एकाआड एक स्थान जसंच्या तसं राहतं. तेव्हा अंक मोजावेत: १० अंकी भाज्य, ३ अंकी भाजक, पहिला भाग ४ अंकांना लागला, म्हणजे भागाकार ७ अंकी.

उलटा ताळा द्विमानातून सुटसुटीत होतो. ६४१ = ५१२ + १२८ + १. म्हणून
३४३०६१३५०४ + ८५७६५३३७६ + ६७००४१७ = ४२९४९६७२९७.

भागाकार न करताही ६४१ पटतो, आणि हा आमचा आवडता मार्ग. ६४१ = ५ × १२८ + १, आणि ६४१ = ६२५ + १६ = ५^४ + २^४. पहिल्यावरून ५ × २^७ म्हणजे −१. चौथा घात घेतला की ५^४ × २^२८ म्हणजे १. दुसऱ्यावरून ५^४ म्हणजे −२^४. ते आत घातलं की −२^३२ म्हणजे १. संपलं.

१२ जुलै: ६७००४१७ मूळ आहे का?

वर्गमूळ २५८८ च्या किंचित वर. हिचा कुठलाही मूळ विभाजक फ५ चाही विभाजक, म्हणून तोही १२८क + १ च्या साच्यातला. २५८८ पर्यंत क ची मजल २० पर्यंत जाते. त्या वीस संख्यांपैकी मूळ फक्त पाच: २५७, ६४१, ७६९, ११५३, १४०९. दिसायला मूळ वाटणाऱ्या, पण नसलेल्या: १५३७ = २९ × ५३, १७९३ = ११ × १६३, १९२१ = १७ × ११३, २१७७ = ७ × ३११, २५६१ = १३ × १९७.

बाक्या: २५७ ने १७०, ६४१ ने ४४, ७६९ ने १२०, ११५३ ने ३३४, १४०९ ने ६२२. एकही शून्य नाही, म्हणून ६७००४१७ मूळ. साचा नसता तर २५८८ खालच्या सगळ्या मूळ संख्या तपासाव्या लागल्या असत्या.

पहिल्या बाकीला ताळाही मिळतो. २५७ ने ६४१ ची बाकी १२७, आणि १२७ × १७० = २१५९० ची बाकी २. ५ जुलैच्या नोंदीप्रमाणे ती २ च यायला हवी होती.

१५ जुलै: दोन वर्गांची बेरीज

६४१ आणि ६७००४१७ या दोन्ही मूळ संख्या ४ ने भागून १ उरणाऱ्या. अशा प्रत्येकीचे दोन वर्गांत एकच प्रकारे तुकडे होतात, आणि दोघींच्या गुणाकाराचे दोन प्रकारे. फ५ चा एक प्रकार उघड आहे: ६५५३६^२ + १^२. दुसरा शोधायचा.

वर्गांत तुकडे करायची रीत: ज्याचा वर्ग −१ आहे अशी बाकी घ्या आणि मसावि काढताना करतो तसे भागाकार करत जा. मूळ संख्येच्या वर्गमूळाखाली येणाऱ्या पहिल्या दोन बाक्या हेच उत्तर. ६४१ साठी ती बाकी २^१६ म्हणजे १५४.

६४१ = ४ × १५४ + २५
१५४ = ६ × २५ + ४

म्हणून ६४१ = २५^२ + ४^२. ६७००४१७ साठी बाकी ६५५३६:

६७००४१७ = १०२ × ६५५३६ + १५७४५
६५५३६ = ४ × १५७४५ + २५५६
१५७४५ = ६ × २५५६ + ४०९

म्हणून ६७००४१७ = २५५६^२ + ४०९^२. दोन्हीकडे भागाकारात ४ आणि ६ आले, हा योगायोग नव्हे. ६५५३६ ÷ ६४१ केलं तरी १०२, मग ४, मग ६ असंच येतं. ६७००४१७/६५५३६ आणि ६५५३६/६४१ या दोन अपूर्णांकांतला फरक फक्त १/(६५५३६ × ६४१) आहे. इतके जवळ असल्यावर सुरुवातीचे भागाकार वेगळे कसे येतील?

पुढचं काम ब्रह्मगुप्ताच्या नित्यसमानतेचं: (अ^२ + ब^२)(क^२ + ड^२) हे (अक + बड)^२ + (अड − बक)^२ असंही लिहिता येतं, आणि मधली चिन्हं बदलूनही. आकडे घालू:

२५ × २५५६ = ६३९००, ४ × ४०९ = १६३६
२५ × ४०९ = १०२२५, ४ × २५५६ = १०२२४

पहिल्या ओळीची बेरीज ६५५३६, दुसरीची वजाबाकी १. हा ओळखीचा प्रकार. चिन्हं उलटी केली की पहिलीची वजाबाकी ६२२६४ आणि दुसरीची बेरीज २०४४९. म्हणून

फ५ = ६२२६४^२ + २०४४९^२.

ताळा: ३८७६८०५६९६ + ४१८१६१६०१ = ४२९४९६७२९७. शिवाय २०४४९ हा स्वतः १४३ चा वर्ग. संपूर्ण फ५ चा तोल १०२२५ आणि १०२२४ यांच्यातल्या एकाच्या फरकावर आहे. हे दोन आकडे एकाखाली एक लिहून पाहावेत.

१६ जुलै: तीच वाट उलटी

विभाजक माहीत नाहीत, पण दोन्ही वर्गबेरजा माहीत आहेत, असं धरू. ऑयलरच्या रीतीने त्यांतून विभाजक निघतात. सम पदांचा फरक ६५५३६ − ६२२६४ = ३२७२, विषम पदांचा २०४४९ − १ = २०४४८. मसावि ८, भागून ४०९ आणि २५५६. मग बेरजा: १२७८०० आणि २०४५०, मसावि ५०. ८ आणि ५० यांची अर्धी ४ आणि २५. म्हणून (४^२ + २५^२)(४०९^२ + २५५६^२).

रीत सुंदर आहे, पण दुसरी वर्गबेरीज आधी शोधावी लागते आणि तो शोध छोटा नाही. सम पदांना सम आणि विषमांना विषम जोडलं नाही, तर फरक विषम येतात आणि अर्धी करताना गाडी अडते.

फर्माची स्वतःची रीत, दोन वर्गांच्या फरकाची, इथे हताश करते. फ५ = ३३५०५२९^२ − ३३४९८८८^२. सुरुवात ६५५३७ पासून, उत्तर ३३५०५२९ वर. मधे ३२,८४,९९३ पायऱ्या. ही रीत विभाजक एकमेकांच्या जवळ असतील तेव्हाच चालते, आणि इथे एक तीन अंकी, दुसरा सात अंकी.

१९ जुलै: मूळपणाच्या चाचण्या

पाया २. फ५ − १ = २^३२, आणि २ चा ६४ वा घात १. ६४ ने २^३२ ला भाग जातो, म्हणून २^(फ५ − १) ची बाकी १. मूळ संख्येला ही बाकी १ च येते, म्हणून तिच्यावर आधारलेली फर्मा चाचणी ‘मूळ असावी’ म्हणते. मिलर-राबिन ही त्याहून कडक चाचणीही तेच: २, ४, १६, २५६, ६५५३६, ४२९४९६७२९६. पाचव्या वर्गाला −१ आला, चाचणी पास. म्हणजे कडक चाचणीतही फ५ पाया २ ला फसवते. २ चा कुठलाही घात पाया घेतला तरी तेच.

इथेच ३ जुलैचा दोष खेळ करतो. फर्मा चाचणीत पुढचा वर्ग २^६४ चा. तो ० झाला की प्रोग्रॅम ‘संयुक्त’ म्हणतो. उत्तर बरोबर, कारण चूक. निकालाकडे बघून असा दोष कधीच सापडणार नाही, म्हणून मधल्या बाक्या छापायच्याच.

पाया ३, म्हणजे पेपँची १८७७ ची चाचणी: ३^(२^३१) ची बाकी −१ आली तरच मूळ. ३१ वेळा वर्ग. साखळी ३, ९, ८१, ६५६१, ४३०४६७२१, ३७९३२०१४५८, १४६१७९८१०५ अशी चालते आणि ३१ व्या वर्गाला १०३२४३०३ वर येते. ४२९४९६७२९६ नाही, म्हणून संयुक्त. आणखी एक वर्ग केला तर ३०२९०२६१६०. साधी फर्मा चाचणीही नापास.

या साखळीचा स्वतंत्र ताळा ६४१ च्या लहान हिशेबात. ३^३२ → ६२८, ३^६४ → १६९, ३^१२८ → ३५७. वरच्या ३७९३२०१४५८ ला ६४१ ने भागलं तर ६२८ उरतात, १४६१७९८१०५ ला भागलं तर १६९. शेवटच्यासाठी: २^३१ ला ६४० ने भागून उरतात १२८, म्हणून १०३२४३०३ ची बाकी ३५७ च यायला हवी. येते. मधे एखादा अंक जरी घसरला असता, तरी हे जुळणं अवघड होतं.

किती पाये फसवतात तेही नेमकं मोजता येतं. फर्मा चाचणीला फसवणारे १२८ × १२८ = १६३८४. फ५ शी सामाईक विभाजक नसलेले पाये ४२८८२६६२४०. भागून २६१७३५ पायांत एक. मिलर-राबिनला फसवणारे फक्त ५४६२. म्हणजे फसवे पाये दुर्मीळच, पण २ नेमका त्यांतलाच. व्यवहारात या आकाराच्या संख्यांसाठी २, ७ आणि ६१ हे तीन पाये एकत्र घ्यावेत. ४७५९१२३१४१ च्या खाली या तिघांना एकही संयुक्त संख्या फसवत नाही.

२३ जुलै: पोलार्डच्या दोन रीती

प − १ रीत (पायाचा मोठा घात घ्यायचा, त्यातून १ वजा करायचा आणि फ५ शी मसावि काढायचा): ६४१ − १ = २^७ × ५, बारीक अवयवांची, म्हणून ही रीत इथे सहज चालायला हवी. पाया २ घेऊन चालवली तर मसावि येतो खुद्द फ५, आणि हाती काहीच लागत नाही. कारण पुन्हा तेच: २ चा ६४ वा घात दोन्ही विभाजकांच्या हिशेबात एकाच वेळी १ होतो, दोघं एकदमच जाळ्यात येतात. पाया ३ आणि घातांक ६४० घेतला की ६४१ एकटा सुटतो. दुसरा अडकत नाही, कारण ६७००४१६ = २^७ × ३ × १७४४९, आणि १७४४९ ही मोठी मूळ संख्या घातांकात नाही. बऱ्याच जुन्या नमुना प्रोग्रॅमांत पाया २ पक्का लिहिलेला असतो. फर्मा संख्यांवर चालवण्यापूर्वी तो बदलावा.

ऱ्हो रीत: २ पासून सुरुवात (हे ० वं पद), दर पावलाला वर्ग अधिक १. ६४१ च्या चष्म्यातून मालिका २, ५, २६, ३६, १५, २२६, ४३८, १८६, ६२४, २९०, १३०, २३५, १०० अशी जाते आणि २२ व्या पदाला पुन्हा २३५ वर येते. ११ वं आणि २२ वं पद सारखं, म्हणून कासव-ससा पद्धतीत (कासव एकेक पद पुढे, ससा दोन-दोन) ११ व्या पावलाला गाठ पडते, आणि दोन पदांच्या फरकाचा फ५ शी मसावि काढला की ६४१ सुटतो. दर पावलाला मसावि न काढता गुणाकार साठवून एकदम काढायचा असेल, तर गठ्ठा लहान ठेवावा.

२६ जुलै: १/६४१

६४१ × १५६ = ९९९९६, म्हणजे एक लाखाला चार कमी. म्हणून १/६४१ च्या दशांशात पाच-पाच अंकांचे गट चौपट होत जातात: ००१५६ ००६२४ ०२४९६ ०९९८४, आणि पुढे हातचे चढल्यामुळे ३९९३६ ऐवजी ३९९३७. आवर्तन ३२ अंकांचं. पहिले सोळा ००१५६००६२४०२४९६०, पुढचे सोळा ९९८४३९९३७५९७५०३९; दोघांची बेरीज सोळा नव्वे. कारण ६४१ ने १०^१६ + १ ला पूर्ण भाग जातो: १०००००००००००००००१ = ६४१ × १५६००६२४०२४९६१.

२९ जुलै: पत्रक

फ५ = ६४१ × ६७००४१७. विभाजक चार; त्यांची बेरीज ६४२ × ६७००४१८ = ४३०१६६८३५६. फ५ शी सामाईक विभाजक नसलेल्या लहान संख्या ६४० × ६७००४१६ = ४२८८२६६२४०. अशा प्रत्येक संख्येला १ वर आणणारा सर्वांत लहान सामाईक घात म्हणजे ६४० आणि ६७००४१६ चा लसावि, ३३५०२०८०. पहिले तीन आकडे एकमेकांत अडकलेले आहेत: फ५ मधून दोन्ही मूळ विभाजक वजा करून १ मिळवला की तिसरा, आणि मिळवून १ अधिक केला की दुसरा. पत्रकातला कुठलाही आकडा असा दुसऱ्याकडून तपासता येतो.

शेजारी: ४२९४९६७२९६ म्हणजे इंटरनेटच्या आयपीव्ही-४ पत्त्यांची एकूण संख्या. ४२९४९६७२९५ म्हणजे पाच ज्ञात फर्मा मूळ संख्यांचा गुणाकार. तिचे १ सोडून ३१ विभाजक म्हणजे पट्टी-कंपासने काढता येणाऱ्या, आजवर माहीत असलेल्या सगळ्या विषम बाजूंच्या नियमित बहुभुजांची यादी. फ५ मूळ असती तर ही यादी दुपटीहून लांब झाली असती.

१ ऑगस्ट: फ६ ची तयारी

पुढची फर्मा संख्या (न = ६): फ६ = १८४४६७४४०७३७०९५५१६१७ = २७४१७७ × ६७२८०४२१३१०७२१; विभाजन लँद्रीने १८८० मध्ये दिलं. साचा २५६क + १, आणि २७४१७७ साठी क = १०७१. सीचा हिशेब १२८ बिटांवर न्यायचा. ६४ बिटांत फ६ सुद्धा १ होते. वर्गाचा दोष तसाच्या तसा वर सरकतो: बाकी २^६४ असेल तर तिचा वर्ग १२८ बिटांत ०, तेव्हा तीच वेगळी तपासणी इथेही लागेल. २७४१७६ = २^८ × ३^२ × ७ × १७, म्हणून प − १ रीतीला १७ पर्यंतच्या मूळ संख्या पुरतील, फक्त २ चा घात ८ पर्यंत आणि ३ चा २ पर्यंत घ्यायला हवा. पाया ३. दुसऱ्या विभाजकातून १ वजा केला की २^८ × ५ × ४७ × ३७३ × २९९८२७९. त्याला या रीतीने गाठायच्या फंदात पडायचं नाही, भागाकारानेच काढायचा.